आमची वाटचाल: आधी हवा, मग सँडर

बेळगावात आमचं लाकूडकामाचं छोटं युनिट आहे. सागवानी दारं, जेवणाची टेबलं, व्हिनियरची (वर पातळ लाकडी थर चिकटवलेली) कपाटं, सगळं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशसकट. माल शहरात जातो, काही चोर्ला घाटातून गोव्याला उतरतो. पीयू कितीही भारी वापरा, खालचं घासकाम चुकलं असेल तर खिडकीच्या तिरक्या उजेडात ते दिसतंच. म्हणून आमच्या वाटचालीत सांगण्यासारखं जे आहे ते घासकामाभोवतीच आहे.

सुरुवात लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून झाली, मग विजेचे सँडर आले, म्हणजे फिरत्या पॅडवर पेपर लावून घासणारी यंत्रं. थोड्या कामाला ते चांगलेच. पण दिवसभर चालवले की भुसा आत शिरतो, मोटरचे कार्बन ब्रश झिजतात, बॉडी तापते, आणि उभ्या दारावर सगळं वजन मनगटावर येतं. कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेवर चालणारा सँडर वजनाला किलोभराच्या आत असतो. त्यात तारांचं वाइंडिंग नाही. रोटर आणि त्याच्या खाचांत सरकणाऱ्या पात्या, एवढंच. दाबून थांबवला तरी जळत नाही.

मात्र सँडर चांगला घेतला आणि कॉम्प्रेसर २ एचपीचाच ठेवला, ही आमची मोठी चूक. १५० मिमी पॅडचा सँडर सलग चालवायला साधारण १२ ते १६ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते आणि १ एचपीमागे मिळते साडेतीन-चार. टाकी भरलेली असेपर्यंत पॅड जोरात फिरतो, मग मंदावतो, आणि मंद पॅड लाकडावर कुरळे ओरखडे सोडतो. घेताना आणखी एक बघावं: पिस्टन कॉम्प्रेसरच्या पाटीवर बहुधा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टनच्या मापावरून काढलेला आकडा असतो, प्रत्यक्ष हवा त्याच्या ६५ ते ७० टक्के. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, म्हणजे ओढली जाणारी हवाच आठेक टक्के विरळ. आज दोन सँडर एकदम चालतात त्यासाठी आम्ही १० एचपी ठेवलाय, आणि त्यालाही मध्ये विश्रांती मिळते.

दाब बघायचा तो टाकीवरचा नाही. सँडरच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज बसवा आणि ट्रिगर दाबलेला असताना वाचा: ६.२ बार, म्हणजे ९० पीएसआय. आमच्याकडे टाकीवर ८ दिसायचे आणि चालत्या सँडरला साडेचारच मिळायचे. कारण होतं ६ मिमीचा लांबलचक गुंडाळी होज (हवेची नळी). आता होज आतून १० मिमीचा आहे, कपलिंगही रुंद भोकाचे. दाब वाढवून ही तूट भरू नका. हवा जास्त लागते आणि पात्या लवकर झिजतात.

आता पाणी. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. २४ अंशांची दमट हवा घनमीटरला वीसेक ग्रॅम वाफ धरून असते. ५ एचपीचा कॉम्प्रेसर तासाला तीसेक घनमीटर हवा ओढतो. ती दाबली आणि गार झाली की त्यातलं जवळजवळ अर्धा लिटर पाणी सुटतं. दर तासाला! ते टाकीत न अडकता लाइनीत गेलं की सँडरचं सिलिंडर गंजतं, पात्या खाचेत चिकटतात. आमची मुख्य लाइन दर मीटरला १ सेंटिमीटर उताराची आहे, प्रत्येक फाटा पाइपच्या वरच्या बाजूने काढून खाली वळवलाय, आणि शेवटच्या टोकाला ड्रेन कॉक आहे. जून ते सप्टेंबर टाकीचा ड्रेन दर दोन तासांनी उघडतो.

तेल रोज सकाळी हवेच्या तोंडातून चार-पाच थेंब, न्यूमॅटिक टूलचंच. इंजिन ऑइलने पात्यांवर राप धरतो. ऑइलर (हवेत तेल सोडणारं उपकरण) लाइनीत बसवत असाल तर स्प्रे गनची लाइन त्याआधीच वेगळी काढा. एकाच लाइनीमुळे तेलाची वाफ गनपर्यंत पोचते आणि पीयूत बारीक गोल खड्डे उठतात. ते मग घासून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

सागाला आमचा पेपरच्या नंबरांचा क्रम ८०, १२०, १८० (नंबर मोठा तसा पेपर बारीक). स्टेन (लाकडात मुरणारा रंग) द्यायचा नसेल तर २४०. सीलरवर (पॉलिशखालच्या थरावर) ३२०, मग ४००. मधला नंबर गाळला की ८०चा ओरखडा २४० काढत नाही, फक्त झाकतो, आणि पॉलिश चढलं की तो वर येतो. दर नंबरानंतर भुसा ओढून फडकं मारायचं, कारण ८०चा एक सुटा कण १८०च्या पेपराखाली सापडला तर पुरे. लाकूड घासायला ५ मिमी ऑर्बिटचा (पॅडच्या हेलकाव्याचं माप) सँडर, सीलरवर २.५ मिमी. पॅड लाकडावर सपाट टेकवून मग ट्रिगर, सेकंदाला इंचभर चाल, हाताचं वजन तेवढाच भार. कोपरा काढायला पॅड तिरका केला की खळगा पडलाच. व्हिनियरची जाडी अर्धा मिमीच्या आसपास. त्याला ८० लावतच नाही, १८०ने सुरू करतो, आणि कडांना हातानेच.

सागाचा तेलकट भुसा पेपरात लवकर भरतो. भुसा चिकटू न देणाऱ्या कोटिंगचा पेपर थोडा महाग पडतो पण दुप्पट टिकतो, हा आमचा अनुभव. पेपराची भोकं पॅडच्या भोकांवर जुळली पाहिजेत, नाहीतर भुसा ओढणारं सक्शन असून नसल्यासारखं. आणि मास्क हवाच: लाकडाचा भुसा १९९५ सालापासून कर्करोगकारक म्हणून नोंदला आहे. साधा कापडी रुमाल त्याला अडवत नाही.

दर शनिवारी सगळे कॉक बंद करून टाकी भरतो, कॉम्प्रेसर थांबवतो आणि गेज किती वेळात १ बार उतरतं ते भिंतीवरच्या तक्त्यात लिहितो. आकडा घसरला की साबणपाणी घेऊन प्रत्येक जोड. ७ बारवर ३ मिमीच्या भोकातून मिनिटाला साडेसहाशे लिटर हवा जाते, एका सँडरच्या खुराकापेक्षा जास्त. पॅडची वेल्क्रो सैल झाली, किंवा लाकडावरून उचलल्यावर पॅड भन्नाट फिरू लागला, तर पॅड आणि त्याच्याभोवतीचं ब्रेकचं रबर बदलतो. वेग पडला आणि दाब मात्र बरोबर असेल तर पात्यांचा सेट. त्याचे दोन जोड ड्रॉवरमध्ये कायम असतात.