दोन भिंतींमधली इमारत : नोंद सहावी

सदाशिव पेठेतील आपल्या बोळात उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीचा पहिला स्लॅब अखेर पडला. सेंट्रिंगवाल्यांच्या, म्हणजे काँक्रीटसाठी साचे व टेकू उभारणाऱ्यांच्या भाषेत ‘स्लॅब पडला’ म्हणजे तो घातला गेला. हे ठाऊक नसल्यामुळे समोरच्या आजी मात्र सकाळी चांगल्याच घाबरल्या होत्या.

जागा जेमतेम नऊ मीटर रुंद असून तिच्या दोन्ही बाजूंस जुनी घरे आहेत, म्हणून गेल्या सात आठवड्यांतील खरे काम जमिनीखालीच झाले. जागेवरचा जुना वाडा उतरवल्यावर वरचा मुरूम दोन दिवसांत निघाला, परंतु त्याखाली काळा पाषाण लागला आणि तेथून गती मंदावली. दाट वस्तीत सुरुंग लावण्याचा प्रश्नच नव्हता. पूर्वेकडील शेजारच्या घराची भिंत दगड-मातीत रचलेली आणि तिचा पाया नव्या खोदाईपेक्षा बराच उथळ असल्यामुळे त्या बाजूची माती एकदम न काढता सुमारे दीड-दीड मीटरचे टप्पे एकाआड एक खोदले गेले. प्रत्येक टप्प्यात काँक्रीटची भिंत उभी राहून ती घट्ट झाल्यानंतरच मधल्या टप्प्याला हात लावण्यात आला. शेजारच्या भिंतीवरील जुन्या भेगांवर काचेच्या तीन पट्ट्या प्लास्टरने चिकटवून त्यांवर तारखा घातल्या होत्या. भेग हलली की काच तडकते, इतकी ही युक्ती साधी आहे. दुसऱ्या आठवड्यात मधली पट्टी तडकली. त्याच दिवशी भिंतीलगतचा ब्रेकर (खडक फोडणारे यंत्र) थांबवून खडकात ओळीने भोके पाडण्यास आणि त्यांत पाचर घालून तो फोडण्यास सुरुवात झाली. वेळ दुपटीने लागला, पण माझ्या मते संपूर्ण कामातील हा सर्वांत शहाणा निर्णय होता.

कात्रजहून पेशवेकाळात आणलेल्या पाण्याच्या नळाचा एखादा तुकडा सापडेल, अशी आपल्यापैकी अनेकांना आशा होती. सापडले ते जुन्या जोत्याचे घडीव दगड. ते एका कोपऱ्यात रचून ठेवले आहेत.

पाया आणि कॉलम यांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. स्लॅबचे काँक्रीट मात्र रात्री आले, कारण मिक्सरचा ट्रक बोळात वळत नाही. तो मुख्य रस्त्यावर उभा करून तेथून पंपाचे पाइप टाकावे लागले. नमुन्यासाठी पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरले गेले असून त्यांच्या मजबुतीची चाचणी सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी होते. स्लॅबवर वाफे बांधून पाणी भरले आहे. काँक्रीटच्या बांधकामाचे भारतीय मानक आयएस 456 यानुसार साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याखालील (म्हणजे दोन आधारांमधील स्लॅबखालील) टेकू साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान चौदा दिवस ठेवायचे असतात, आणि पुढचा गाळा पाच मीटरच्या आसपास दिसतो. टेकू मी मोजून ठेवले आहेत.

तडकलेल्या पट्टीच्या जागी नवी बसवून आज एकवीस दिवस झाले. ती शाबूत आहे.