कुठल्या कपाटातलं पुस्तक

गुरुवार, रात्री साडेअकरा

धरणातून पाणी सोडलंय. संध्याकाळपासून सगळ्या ग्रुपवर एकच चौकशी, "मारुतीला कुठपर्यंत लागलं?" गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती म्हणजे आम्हा नाशिककरांचं पुराचं माप. गुडघे, कंबर, छाती. त्यापुढे कुणी विचारत नाही, सामान उचलायला लागतात.

मी पुस्तकं घेऊन पडलेय. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' (कितव्यांदा कोण जाणे), इरावतीबाई कर्व्यांचं ललित लेखांचं 'परिपूर्ती' आणि नारायण धारपांची भयकादंबरी 'लुचाई'. मघाशी जाऊबाई डोकावल्या. "अगं, लक्ष्मीबाईंच्या शेजारी ते भुताखेताचं कशाला ठेवलंयस?" वाचनालयातही भयकथांचं कपाट वेगळं, चरित्रांचं वेगळं. माझ्या डोक्यात मात्र हे सगळं एकमेकांत मिसळतं आणि आता ते वेगळं करावंसंही वाटत नाही.

'स्मृतिचित्रे'ची सुरुवातच बघा ना. लक्ष्मीबाई टिळक आमच्या इकडच्याच, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. त्याच्या आधी, १८५७च्या धामधुमीत, त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिलं. धक्का बसला तो जावयाला, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांना. त्यांनी सोवळं असं काही डोक्यात घेतलं की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय वापरायची नाही. आता यातली नावं काढून टाका. घराण्यात पूर्वी झालेला एक भयंकर मृत्यू. त्यानंतर पार बदलून गेलेला घरचा कर्ता. घरात विचित्र नियम, आणि ज्यांचा त्या मृत्यूशी काही संबंध नाही अशी नंतर जन्मलेली पोरं ते नियम मुकाट्यानं पाळतायत. धारपांच्या वाचकाला दुसऱ्याच पानावर कळेल आपण कुठे आलोय ते.

फरक एवढाच की लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात. लहानपणी लग्न, नवरा कवी, आणि मनात आलं की घर सोडून निघून जाणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला, तेव्हा यांची काय दशा झाली असेल! पुढे १९००मध्ये त्यांनीही तोच धर्म स्वीकारला. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर पानापानाला रडारड असती. इथे मी खुदकन हसते आणि मग दोन ओळींनी अंगावर काटा येतो.

धारप वाचताना उलटं होतं. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, आणि त्याच्याही मागे उभा आहे ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला', १८९७चा. तो तर अख्खा रोजनिशा, पत्रं आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांचा बनलाय. पहिल्याच नोंदीत जोनाथन हार्कर काय लिहितो? गाडी तासभर उशिरा पोचली. जेवणात लाल मिरचीची कोंबडी होती, चांगली होती पण तहान फार लागली. मीनासाठी कृती विचारून घ्यायची. जो माणूस बायको होणारीसाठी कोंबडीची कृती टिपून ठेवतो, त्याने पुढे काउंट ड्रॅक्युला भिंतीवरून पालीसारखा उतरताना पाहिला म्हटलं तर आपण मुकाट ऐकतो. म्हणून मला भयकथेत रक्तामांसाचा चिखल आवडत नाही. आधी जेवायला काय होतं ते सांगा, मग घाबरवा.

चरित्रांबद्दल मी हल्ली फार खडूस झालेय. हा माणूस कशाला भीत होता हे पन्नास पानांत कळलं नाही, तर पुस्तक परत. गौरवपर चरित्रांतला नायक शाळेत हुशार असतो, तुरुंगात निश्चल असतो आणि मरताना शांत असतो. त्याच्याबरोबर तीनशे पानं कोण काढणार?

ललित लेखांत भीती शोधावी लागते, पण असते. 'परिपूर्ती' हा लेख घ्या. सभेत इरावतीबाईंची ओळख करून देतात. अमक्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची सून, अमक्यांची पत्नी. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेली ही मानववंशशास्त्रज्ञ बाई! काहीतरी राहिलं असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यात शाळकरी पोरं एकमेकांना सांगतात की ती बघ, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चाललीय. आणि बाईंची ओळख पुरी होते. कॉलेजात असताना हा शेवट मला गोड वाटला होता. आता चाळिशीनंतर टोचतो. इरावतीबाईंना तो टोचावा असं वाटत होतं का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही, म्हणून तर पुन्हा वाचतेय. धारपांच्या हाती हाच प्रसंग लागला असता तर? बाई हसत घरी येते, दारावरची पाटी बघते, तर पाटीवर तिचं नाव कुठेच नाही.

मतकरींच्या गूढकथा आणायच्यात, पाणी उतरलं की जाईन. 'परिपूर्ती' मात्र मघाशी जाऊबाईंनी मागून नेलं. "भुताचं नाही ना गं?" असं दोनदा विचारून घेतलं. नाही म्हटलं.