तुम्ही विचारलंत म्हणून : माळकऱ्यानं पुन्हा लग्न करावं का?

जोडीदार गेलाय, गळ्यात तुळशीची माळ आहे आणि दिंडीत चालताना कुणावर तरी जीव जडलाय. आता माळ उतरवावी लागेल का? मुक्ताईच्या पालखीसोबत चालणारी आमच्या खान्देशातली माणसं हे वरचेवर विचारतात, तेही आवाज खाली आणून.

माळ उतरवायची नाही. एकादशी, हरिपाठ, वारी, मांस-मद्य वर्ज्य, परस्त्री मातेसमान. या नेमांत संसार सोडण्याचा नेम कुठंच नाही. नामदेव, एकनाथ, तुकोबा प्रपंचातच राहिले. मुक्ताईच्या वडिलांनी, विठ्ठलपंतांनी, काशीला संन्यास घेतला होता. घरी पत्नी आहे हे कळताच गुरूंनी त्यांना आळंदीला परत पाठवलं, अशी परंपरा सांगते. म्हणून दुःखाच्या भरात भगवं नेसायला निघालेल्याला मी आधी थांबवते. निदान वर्षश्राद्ध होऊ द्या, मग ठरवा.

लग्नालाही तोच धीर हवा. अक्षय्य तृतीया साडेतीन मुहूर्तांतली, म्हणून लोक तोच दिवस धरतात. पण आपल्याकडे हाच दिवस म्हणजे आखाजी, आणि ती पितरांची. घागर भरायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, पुरणपोळी-आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. गेलेल्या माणसाची पहिली घागर भरली जाण्याआधी हळद लावू नका. घरच्यांच्या मनात ते कायम सलतं.

पुढंही हा मान चालू ठेवा. पहिली पत्नी सवाष्ण गेली असेल तर भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालून ओटी भरतात. ही ओटी नव्या पत्नीनं स्वतःच्या हातानं भरावी. सासरची मंडळी त्या दिवशी निवळतात. नवी पत्नी विधवा असेल तर तिच्या पहिल्या नवऱ्याचं श्राद्ध मुलगा किंवा दीर करील. तिनं त्या तिथीला अन्नदान करावं, नव्या नवऱ्यानं पंगतीत वाढावं. भिंतीवरचे फोटो काढू नका. ज्याला त्या फोटोंचा त्रास होतो, त्याची लग्नाची वेळ अजून आलेली नाही.

लग्न ठरलं की दिंडीचालक आणि वीणेकऱ्यांना आधी सांगा. पालखीची वाट बुलढाणा, जालना, बीडवरून महिनाभराची. लपवलेली गोष्ट दोन मुक्कामांत सगळीकडे होते आणि बोल बाईलाच लागतो. मुलांना त्याहीआधी सांगा, आणि दोघांनी मिळून सांगा.

गंधर्व, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, रात्री अंधारात उरकायची जुनी रीत होती. ती सोडा. चातुर्मास टाळून, तुळशीच्या लग्नानंतर, दिवसाउजेडी देवळात लग्न लावा. नोंदणीला आधीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला लागतो. त्यावरचं नाव आधारशी जुळतंय का हे आधीच बघा, काम तिथंच अडतं. साक्षीदार तीन लागतात. त्यातला एक गेलेल्या जोडीदाराच्या घरचा असावा, असा माझा आग्रह असतो. तो तयार नसेल तर तारीख पुढं ढकला आणि पुन्हा त्याच्याकडं जा.