नऊ मिनिटांची फरसबी

गुरुवार, रात्री सव्वादहा

पावणेआठला घरात पाऊल टाकलं तेव्हा आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) ओट्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. समोर ताट, ताटात एका बाजूला पाव किलो फरसबी आणि दुसऱ्या बाजूला काढलेल्या शिरांचा हिरवा गुंता. "शिरा काढल्यात, आता तू नुसती चिरून टाक," म्हणाल्या. मला भरून आलं. कारण या भाजीला वेळ लागतो तो तिथेच. गॅसवर ती दहा मिनिटांचीही नसते.

मी गिरगावात वाढले, तिथे हिला फरसबी म्हणायचे. लग्नानंतर पुण्यात आले तर मंडईत सगळे श्रावणघेवडा म्हणत होते. पहिल्या महिन्यात मी नुसता "घेवडा द्या" म्हणत असे आणि मग ढिगाकडे बोट दाखवत असे. पुढे कधीतरी वाचलं की ही शेंग मूळची अमेरिका खंडातली, युरोपीय लोकांबरोबर जगभर गेली. राजमा आणि साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा हेही हिच्याच जातीचे, फक्त त्यांचे वाळलेले दाणे खायचे. इतक्या लांबून आलेल्या शेंगेला आपल्याकडे कुणीतरी श्रावणाचं नाव दिलं, याचं मला फार कौतुक वाटतं. परकं काही राहिलंच नाही तिच्यात.

आईंनी शेंगा निवडून घेतल्या होत्या हे हात लावताच कळलं. ताजी शेंग मधोमध वाकवली की कटकन मोडते, शिळी नुसती दुमडते. आतले दाणे बाहेरून टपोरे दिसायला लागले की शेंग निबर झाली समजायचं, मग कितीही शिजवा, चोथा तोंडात राहतोच. गेल्या आठवड्यात मी अशाच निबर शेंगा घाईत उचलल्या, कुकरमध्ये टाकल्या आणि एक शिट्टी केली. झाकण उघडलं तर मेंदीच्या रंगाचा लगदा. आईंनी मुकाट्याने खाल्ला. लेकीने ताट बाजूला सारलं. मला दोघींचंही वाईट वाटलं होतं.

म्हणून आज नीट केली. पाच-सहा शेंगा एकत्र धरून तुरीच्या दाण्याएवढी बारीक चिरली. पसरट कढईत दोन चमचे तेल, मोहरी पूर्ण तडतडू दिली, मग जिरं, हिंग, ठेचलेल्या पाच लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या. लसणीच्या कडा सोनेरी झाल्यावर हळद, आणि हळदीपाठोपाठ लगेच शेंगा, म्हणजे हळद करपत नाही. आच मोठी. चार मिनिटं हात थांबवला नाही. मग मीठ आणि पाण्याचा एक हबका. कढईतून चर्र आवाज आला, वाफेचा लोट उठला आणि त्या वाफेत शेंगांचा रंग एकदम उजळला. तो क्षण मला इतका आवडतो की आज लेकीला हाक मारून दाखवला.

झाकण मात्र ठेवलं नाही. शेंगा शिजताना त्यांच्यातून थोडी आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात. झाकण असलं की ती पुन्हा भाजीवर ठिबकतात, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि हिरवा रंग मळकट होतो. लिंबूही त्याच कारणाने गॅस बंद केल्यावरच पिळायचं. आणखी पाच मिनिटं परतलं, एक तुकडा चावून बघितला. बाहेरून लवचीक, आत किंचित करकरीत, कच्चेपणा गेलेला. तो जायलाच हवा. कच्च्या फरसबीत लेक्टिन नावाचं प्रथिन असतं, त्याने पोट बिघडतं, ते शिजल्यावरच निकामी होतं.

पण आईंच्या वरच्या दाढा गेल्या महिन्यात काढल्यात. कवळी अजून यायची आहे. करकरीत त्यांना चालणारच नाही. त्यामुळे नवव्या मिनिटाला अर्धी भाजी बाहेर काढली, तिच्यात दाण्याचं जाडसर कूट आणि लिंबू. उरलेल्या अर्ध्या भाजीत दुपारपासून भिजत घातलेली मूगडाळ दोन चमचे टाकली, आच मंद केली आणि वर ताटलीत पाणी ठेवलं. ही आईंचीच रीत. ताटलीतलं पाणी गरम होतं, तेच लागेल तसं भाजीत घालायचं, म्हणजे शिजणं मध्येच थांबत नाही. दहा मिनिटांनी दाबली तर बोटाने मोडत होती. रंग उतरला होता, पण वास असा की लहानपणीची सगळी दुपारची जेवणं डोळ्यांसमोर आली. चिमूटभर साखर, मूठभर ओलं खोबरं, कोथिंबीर.

मी इतकी वर्षं माझीच पद्धत बरोबर धरून चालले होते. आज दोन्ही भाज्या एका ताटात घेऊन जेवले आणि तसं राहिलं नाही. हिरवी भाजी तिखट, लसणीची, पोळीबरोबर खावी. मऊ भाजी गोडसर, ती वरण-भाताशीच लागते. चवीत दोन्हींना तोड नाही. लेकीने हिरवी दोनदा घेतली. आईंनी भाताबरोबर मऊ खाल्ली, सावकाश, आणि मध्येच हिरवीतला एक काप उचलून जिभेवर नुसता घोळवला. "लसूण छान लागलीय," म्हणाल्या आणि तो काप ताटाच्या कडेला ठेवला.

कवळी शनिवारी मिळणार आहे. पिशवीच्या तळाशी आठ-दहा कोवळ्या शेंगा उरल्या होत्या, त्या कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजात ठेवल्यात. लेकीला सांगून ठेवलंय, त्यांना हात लावायचा नाही.