डिझायनरच्या घरात डालड्याचा डबा

"तुम्ही डिझायनर ना? मग स्वयंपाकघर असं कसं?"

पाणी प्यायला आत आलेला माणूस हे विचारतोच. काही जण तोंडानं विचारत नाहीत. फडताळाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि "छान, घरगुती आहे," म्हणतात. दिवाळीत फराळाला येणारे विद्यार्थी तर डालड्याच्या डब्याचा फोटोच काढतात, त्यांना ती मुद्दाम केलेली रेट्रो सजावट वाटते. इतकी वर्षं मी "वेळच मिळत नाही हो" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं आहे. 2016 साली वेळही मिळाला होता आणि पैसेही घातले होते. तुम्हाला दिसतं ते करायचं राहून गेलेलं स्वयंपाकघर नाही, केलेलं मोडून उरलेलं आहे.

मी इंटिरिअरवाला नाही, हेही एकदा सांगून टाकतो. मी प्रॉडक्ट डिझायनर. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइनच्या विभागात शिकलो, मीटर, पंप, रक्तदाब मोजायची यंत्रं असल्या वस्तू करतो. सोफा कुठल्या भिंतीला लावावा ते मला विचारू नका. पण हे सांगून मी सुटत नाही, कारण ते स्वयंपाकघर मी हौसेनं, रात्री जागून, स्वतः कागदावर काढलं होतं. तोवर मला चहा आणि ऑम्लेट यापलीकडे काही करता येत नव्हतं.

बाबा गेल्यावर आई मिरजेहून आमच्याकडे कोथरूडला आली. तिच्याबरोबर टेम्पोतून तिचे डबे आले. माडाचं झाड असलेला डालड्याचा पिवळा डबा, बिस्किटांचे पत्र्याचे चौकोनी डबे, बोर्नव्हिटाच्या बरण्या, झाकणाला पोचा आलेला एक पितळी डबा. डालड्यात रवा, बोर्नव्हिटात जिरं, पोचा आलेल्यात हरभऱ्याची डाळ. नाव एकावरही नाही. मला तो नुसता पसारा दिसला. मी छत्तीस डबे आणले, सगळे एका मापाचे, पांढरे, चौकोनी. त्यांच्यावर बारीक करड्या अक्षरात नावं. खणांना मुठी नाहीत, दाबलं की उघडणार. शेगडी काढून इंडक्शन. ओटा चौतीस इंच, कारण तेच माप सगळीकडे चालतं आणि बायको साडेपाच फूट आहे. आई चार फूट दहा इंच. पोळ्या लाटताना ती पाटावर उभी राहायला लागली, तेव्हा मी तिला न घसरणारा पाट आणून दिला आणि प्रश्न सुटला असं समजलो.

काम संपल्यावर आई दारात उभी राहून म्हणाली, "दवाखान्यासारखं स्वच्छ झालंय हो." ते मी चार लोकांना कौतुक म्हणून सांगितलं.

जुने डबे भंगारात गेले. डालड्याचा तेवढा तिनं पलंगाखाली ओढून ठेवला, त्यात औषधं ठेवते म्हणाली.

मे 2017 मध्ये मामेभावाच्या मुलाची मुंज होती, सांगलीला. पंगतीत माझ्या एका बाजूला आई, समोरच्या रांगेत मामा. जिलबी आली, मठ्ठा आला. मामा मोठ्यांदा म्हणाले, "काय रे, एवढं भारी स्वयंपाकघर केलंस, तर एक जादा सिलिंडर ठेवत जा की! मी फेब्रुवारीत आलो तेव्हा गॅस संपला म्हणून अक्काला चहासुद्धा करता आला नाही."

मी हसलो. अगदी ऐटीत म्हणालो, "मामा, आमच्याकडे सिलिंडरच नाही. इंडक्शन आहे. सहा महिने झाले."

आसपासचे आठ-दहा जण ऐकत होते. मामा आईकडे बघायला लागले. आईच्या हातात मठ्ठ्याचा द्रोण होता. तिनं तो खाली ठेवला, पत्रावळीच्या कडेचं मीठ बोटानं उगीच इकडचं तिकडे केलं आणि म्हणाली, "मठ्ठा जरा खारट झालाय, नाही?" मामांनी लगेच "होय, जरा झालाय," म्हटलं. मठ्ठा मुळीच खारट नव्हता. मी तेव्हासुद्धा, खरं सांगतो, त्यांना इंडक्शन कसं चालतं हे समजावायला लागलो होतो. भांड्याचा बूडच तापतो, ओटा गार राहतो वगैरे. बायकोनं कोपरानं ढोसलं तेव्हा थांबलो.

खरा प्रकार पंधरा दिवसांनी कळला, तोही बायकोकडून. तिला आईनं सांगितला होता, मला नाही. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मामा अचानक आले. घरात आई एकटी. तिनं चहाचं आधण नेहमीच्या पातेल्यात ठेवलं. ते ॲल्युमिनियमचं. इंडक्शनला लोखंड लागतं, चुंबक चिकटेल असा बूड लागतो. शेगडी टूंटूं करून बंद झाली. पुन्हा लावली, पुन्हा टूंटूं. मग ती साखर शोधायला लागली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा पिकायचा होता. करडी अक्षरं दिसेनात. एकेक डबा काढून, उघडून, बोट घालून, चाखून. अकरा डबे ओट्यावर आले, तरी साखर नाही. दोन खण उघडे राहिले, कारण ते कसे मिटतात हेच तिच्या ध्यानात येईना. बाहेरून मामांनी "अक्का, राहू दे गं" म्हणून हाक मारली. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "गॅस संपलाय रे."

चाळीस-पन्नास वर्षं ज्या बाईच्या दारातून पोस्टमनसुद्धा चहाशिवाय गेला नाही, तिचा भाऊ मिरजेहून येऊन नुसतं पाणी पिऊन गेला. तिनं मला वाचवायला घरात नसलेला गॅस संपवला, आणि मी भर पंगतीत तिला उघडं पाडलं.

त्यानंतर ती स्वयंपाकघरात जायची कमी झाली. "आता तुमचं तुम्ही बघा," एवढंच. रुसवा नाही, भांडण नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

मी शनिवारी एका कॉलेजात शिकवतो. दरवर्षी मुलांना एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-17 विमानं सुखरूप उतरायची आणि मग धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा, मिटायच्या ऐवजी चाकं आत ओढून घ्यायचे. 1943 मध्ये अल्फॉन्स चॅपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की दोन्हीचे खटके एकसारखे आणि शेजारी-शेजारी आहेत. वैमानिक मूर्ख नव्हते. त्यानं एका खटक्याला चाकासारखी रबरी चकती बसवली, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. न बघता हाताला कळायला लागलं. याला आम्ही शेप कोडिंग म्हणतो. त्या जूनमध्ये वर्गात ही स्लाइड आली आणि मी काही न बोलता पुढची लावली. पोचा आलेलं झाकण म्हणजे हरभऱ्याची डाळ, हे शेप कोडिंग नाही तर काय होतं? आणि मी छत्तीस खटके एकसारखे करून ठेवले.

पण थांबा. इथे "जुनं ते सोनं" म्हणणारे पुढे सरसावतात, आणि त्यांचाही मला तितकाच राग येतो. मिरजेचं ते स्वयंपाकघर मी पाहिलंय. वर एक झरोका, खाली धूर. आईच्या डाव्या दंडावर स्टोच्या भडक्याचा डाग आहे. विळीवर बसून तिचे गुडघे गेले. त्यात गोड मानण्यासारखं काही नाही. आणि माझ्या बायकोला ते पांढरं स्वयंपाकघर मनापासून आवडायचं. सकाळी सातला दोन डबे भरून नऊची मीटिंग गाठणाऱ्या बाईला नावं लिहिलेले खण आणि पटकन तापणारी शेगडी का आवडू नये? मी ते मोडायला काढलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता माझं काय?" त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

स्वयंपाक न येणाऱ्यानं स्वयंपाकघर काढू नये, असं एक विद्यार्थिनी तावातावानं म्हणाली. मी तिला मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईची गोष्ट सांगितली. 1926 मध्ये तिनं काढलेलं फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर सुमारे दहा हजार घरांत बसलं, आजच्या मॉड्युलर ओट्याची ती पणजी. तोवर आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता, हे तिनं स्वतः सांगून ठेवलंय. तिच्याही ॲल्युमिनियमच्या खणांवर जिन्नसांची नावं होती. हे मी विद्यार्थिनीला पटवायला सांगत होतो की स्वतःला, ते मला नक्की ठरवता येत नाही.

मी काय केलं तर शिकलो. ओट्याचा एक तुकडा तीस इंचावर आणला, इंडक्शनशेजारी गॅसची शेगडी आली, आई खुर्ची टाकून बसायला लागली आणि मी तिच्या हाताखाली आमटी करायला लागलो. पहिल्या आठवड्यात मी ओट्यावर डिजिटल काटा ठेवला. "मीठ किती?" "बेताचं." मी तिला पाच वेळा चिमूट उचलायला लावली आणि वजन करत गेलो. पाचव्यांदा तिनं चिमूट थेट डाळीत टाकली आणि काटा उचलून बाजूला ठेवला. "मोहरी पुरती तडतडू दे. आता हिंग. अरे, हळद जळेल, पुढे हो!" मिसळणाच्या डब्यात तिचा हात न बघता फिरतो. माझा अजून अडखळतो. गोडा मसाला कधी जास्त पडतो, मग ती गुळाचा खडा सरकवते, बोलत नाही.

पांढरे डबे अजून आहेत, बायकोच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला जुन्या बाजारातून आणलेले पत्र्याचे डबे आहेत, जे आईचे नाहीत आणि तिला ते ओळखूही येत नाहीत. औषधं दुसरीकडे हलवून डालड्याचा तेवढा परत आला, त्यात रवा आहे. घर दोन तोंडांचं दिसतं, ते मला दिसत नाही असं नाही.

गेल्या महिन्यात मामा आले होते. चहा मी ठेवला, आलं ठेचून. आई बाहेर त्यांच्याशी बोलत होती. उकळी यायच्या आत तिनं बाहेरून विचारलं, "गॅस आहे ना रे?"

मामा खो खो हसले. ती हसली की नाही, ते आतून दिसलं नाही. मी "आहे, आहे" म्हटलं आणि साखर घातली.