एमजीबी तापते? आधी गाळ काढा
सोलापूरच्या मे महिन्यात जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार तापू लागली की बरेच जण थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणारी झडपच, काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. खरा दोष बहुतेकदा वर्षानुवर्षं ओतलेल्या बोअरच्या जड पाण्याचा असतो.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर रेडिएटर रिकामा करा आणि इंजिन ब्लॉकच्या मागच्या बाजूचा ड्रेन प्लगही उघडा. तिथून पाणी आलंच नाही, तर भोकात तार घालून ढवळा. चौथ्या सिलिंडरभोवती साचलेला तांबूस गाळ सुटून पाणी नितळ येईपर्यंत थांबू नका. मग रेडिएटरला खालच्या तोंडातून उलटं पाणी मारा.

थर्मोस्टॅट उघडतो का, ते पातेल्यात पाणी तापवून तपासा. आपल्याकडे 74 अंश सेल्सिअसला उघडणारा बरा. भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, मिळून साडेपाच-सहा लिटर.