लेथचं हँडव्हील: पॅटर्न झाला, गेटिंग बदललं, ओतून बघितलं

तर मंडळी, हँडव्हीलचं काम एकदाचं पुढं सरकलं. पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना, थ्रीडी प्रिंटच काढला, ॲल्युमिनियम गार होताना आकसतं म्हणून १.३ टक्के मोठा, मशीनिंगच्या फेसवर २ मिमी जादा आणि ड्राफ्ट, म्हणजे वाळूतून सुटायला बाजूंना उतार, २ डिग्री. लेयरच्या रेघांत वाळू धरते, तेव्हा पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर हे सगळं आलंच, त्याला शॉर्टकट नाही.

खरा विषय गेटिंगचा, म्हणजे साच्यात धातू नेणाऱ्या वाटांचा. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगर म्हणा नायतर शिरोली म्हणा, बिडाचं (ओतीव लोखंडाचं) राज्य, त्यामुळं कुणालाबी विचारा, सल्ला ठरलेला, गेट (धातू जॉबमध्ये शिरायचं तोंड) बारीक ठेव, रनर (गेटापर्यंतची आडवी वाट) कोपमध्ये, म्हणजे साच्याच्या वरच्या अर्ध्यात घे, स्लॅग (मळी) वरच अडकतोय. बिडाला ते बरोबरच हाय. पण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची साय कायम असते, ती काय स्लॅगसारखी झटकन वर येत नाही, आणि बारीक गेटातून धार उसळली की दुमडून जॉबच्या आत जाते. ओतकामाचे अभ्यासक जॉन कॅम्पबेल यांनी लावून धरलेली मर्यादा म्हणजे गेटात सेकंदाला अर्धा मीटर, त्याच्यावर नाही.

आता हिशोब बघा. माझी बेसिनच्या (वर ओतायच्या वाटीच्या) पातळीपासून स्प्रूच्या (खाली उतरणाऱ्या उभ्या वाटेच्या) बुडापर्यंत उंची १६ सेमी, तिथं वेग होतो सेकंदाला जवळजवळ १.७७ मीटर, म्हणजे गेटांचा एरिया बुडाच्या साडेतीनपट तरी पाहिजे, म्हणून स्प्रूचं बूड, रनर, गेट यांचा एरिया १:२:४ धरलं. चोक (सगळ्यात अरुंद जागा) स्प्रूच्या बुडाशी, रनर ड्रॅगमध्ये (खालच्या अर्ध्यात), गेट कोपमध्ये. बेसिन ४ सेमी खोल, म्हणून स्प्रूचं वरचं तोंड बुडाच्या दुप्पट एरियाचं, नायतर मधेच हवा ओढतंय. आणि नुसता एरिया वाढवून भागत नाही हां, रनर भरला नाही तर धातू तळातून तसाच सुसाट पळतो, त्यासाठी १० पीपीआयचा (इंचाला १० भोकं) फोम फिल्टर टाकला, आणि पहिला गार माल जायला रनर शेवटच्या गेटच्या पुढं वाढवला.

हब (मधला जाड भाग) ४५ मिमी जाड, वेब (भोवतालची पातळ चकती) १०, तेव्हा रायझर, म्हणजे आकसताना धातू पुरवणारा साठा, हबवरच.

माल जुन्या अलॉय व्हीलचा, ७२० डिग्रीला ओतला. फेस लेथवर मारून बघितला तर ऑक्साइडच्या घड्या कुठंच नाहीत, रायझरखाली पोकळी नाही, लय भारी वाटलं! हबमध्ये टाचणीएवढी भोकं मात्र आहेत, ती गेटिंगची नव्हेत, हायड्रोजनची, आणि कोल्हापूरच्या पावसाळी हवेत दमट स्क्रॅप मुशीत टाकल्यावर दुसरं काय होणार. पुढच्या वेळी स्क्रॅप आणि हत्यारं आधी तापवून घेणार, डिगॅसिंगची (वितळलेल्या धातूतला वायू काढायची) गोळी आणलीय.